चौथा तुकडा शेवटी

हे सगळं झालं दोन हजार चोवीस सालच्या जुलैत. साल पक्कं आठवतं, कारण आदल्या वर्षी पाऊस फिरकलाच नव्हता. म्हैसुरातल्या आमच्या विजयनगरात टँकरच्या वाटेवर बादल्या रांगेत उभ्या असायच्या. आणि चोवीसच्या जुलैत कावेरी अशी भरली की म्हैसूरची माणसं डबे बांधून पाणी बघायला जाऊ लागली.

मी वेदवती. आमचं घराणं म्हैसुरात इतक्या पिढ्या आहे की आमच्या मराठीत निम्मं कन्नड कधी मिसळलं ते आम्हालाच कळलं नाही. साताऱ्याकडून आलेली जानकी, म्हणजे माझा भाचा दिगंबर याची बायको, लग्नानंतर कितीतरी दिवस माझं बोलणं ऐकून तोंडावर हात धरून हसायची. ती दोघं वरच्या मजल्यावर राहायची, मी खाली.

दिगंबर पाटबंधारे खात्यात इंजिनियर होता. कृष्णराजनगरकडचे कालवे त्याच्याकडे. बावीस साली एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर त्यांचा मुलगा अनुराग हळूहळू बोलायचा थांबला. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला हाक मारली की यायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि खोलीत जायचा. नोकरी सोडली. वरून गिटारचा एकच सूर यायचा, लहानपणी आमच्या विहिरीवरचा रहाट कुरकुरायचा तसा, संपता संपायचा नाही. जानकी माझ्याकडे येऊन बसायची आणि छताकडे बघायची.

"आत्या, आज सूर बदलला का हो?"

"नाही गं. तोच आहे."

"तोच असू दे," ती म्हणायची. "थांबला की मला भीती वाटते."

कसली भीती ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघींना माहीत होतं.

त्या सुरांचाच शेवटी अल्बम झाला. अनुराग, त्याच्या कॉलेजातली शरण्या आणि एक ड्रम वाजवणारा मुलगा, असे तिघे. या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात हे मला शरण्यानं सांगितलं. गाणं नाही, शब्द नाहीत, गिटार असूनही पाय हलत नाही. पाच लांबलचक तुकडे. त्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते एक ते पाच आकडे. मुलांनी ते इंटरनेटवर टाकले आणि ही बातमी भुजंगरावांना लागली.

भुजंगराव म्हणजे आमच्या रसिक मंडळाचे सर्वेसर्वा. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी मंडळात श्रवणाचा कार्यक्रम असतो, आणि त्यात काय, कशानंतर ऐकायचं ते मंडळ निघाल्यापासून भुजंगरावच ठरवतात. अनुरागकडे ते स्वतः आले.

"आपल्या घरातलं पोर. आपण नाही ऐकायचं तर कोणी?"

अनुरागनं मुकाट्यानं पेन ड्राइव्ह काढून दिला. "मी असताना ऐकू नका," एवढंच म्हणाला. आणि त्या रविवारी दुपारी पाठीला बॅग लावून निघाला. "रेकॉर्डिंग आहे. उद्या येतो."

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये कॉफी आणि केसरीबात झाल्यावर भुजंगरावांनी दिवे मंद केले. पहिल्यांदा काहीतरी तडतडायला लागलं. सुकलेलं काही चिरडल्यासारखं, जळल्यासारखं. त्याच्याखालून एक घोगरा आवाज वर येत गेला, इतका मोठा झाला की खिडकीची काच थरथरली. माझ्या मनात काहीतरी हललं. हे मी कुठंतरी ऐकलंय, असं वाटलं. पण शेजारी फत्तेसिंगराव खाकरले आणि ते निसटलं. मग एकेक तुकडा उतरत गेला. शेवटच्यात एकच सूर होता. दोन सुरांमधली जागा लांबत गेली, लांबत गेली, आणि मग काहीच नाही. पेन ड्राइव्ह बिघडला म्हणून भुजंगराव उठायला गेले, तेवढ्यात आणखी एक सूर आला. तो विरला. संपलं.

कोणी टाळी वाजवली नाही. पहिल्यांदा बोलले ते बँकेतून निवृत्त झालेले फत्तेसिंगराव.

"पूर्वी रेडिओवर सकाळी असं काही लागलं की आम्ही विचारायचो, कोण गेलं?"

दोघं-तिघं हसले. पाठीमागून एक बाई म्हणाल्या, "माझा तर जीव घुसमटला. तरुण पोरानं असं करावं?" कोणी म्हणालं, यात वाजवायला येतं की नाही तेच कळत नाही. कोणी म्हणालं, कळतं, म्हणूनच त्रास होतो. कोपऱ्यात एक गृहस्थ डोळे पुसत होते आणि त्यांची बायको त्यांना "सुम्मने, गप्प बसा की हो" म्हणत होती. पहिला तुकडा चितेचा आवाज आहे, यावर मात्र बहुतेकांचं एकमत झालं.

जानकीनं माझं मनगट धरलं होतं.

"आत्या, ते लोक आवडलं-नावडलं बोलतायत. त्यानं यातून मला सांगितलंय हो. बापाच्या चितेपासून सुरू केलंय आणि शेवटी... शेवटी काय होतं ते ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "अगं, वाद्यं आहेत ती." पण माझ्या आवाजात जोर नव्हता. घरी येऊन तिनं फोन लावला. बंद. सकाळी लावला. बंद.

सोमवारी उजाडताच तिनं शरण्याला बोलावलं. शरण्याचं घर आमच्यासारखंच जुनं, पण तिच्या पिढीपर्यंत येता येता मराठी चमचाभर उरलेली.

"काकू, टेन्शन नको. तो चॅनलकडे गेला आहे. कृष्णराजनगर. अंकलचं चॅनल असतं ना, तिथं."

"कालव्यावर?" जानकी उभी राहिली. "पाण्यापाशी? एकटा?"

तिनं पायांत चपला सरकवल्या तेव्हा एक तिची होती, एक माझी. ते आम्हाला गाडीत बसल्यावर दिसलं. शरण्या गाडी चालवत होती, मी मागे. म्हैसूर मागे पडलं तसा जानकीनं शरण्याचा फोन मागितला आणि त्या अल्बमखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला लागली. आणखी कुणाला तिच्यासारखी शंका आलीय का, ते तिला बघायचं होतं.

"'झोप येत नाही त्यांच्यासाठी उत्तम.' मेल्याला काही कळत नाही. 'इतकं काळं मी कधी ऐकलं नव्हतं.' बघा! 'चौथ्यापाशी बंद करणार होतो, नाही केलं ते बरं झालं.' 'शेवट ऐकून उठलो आणि घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.'" ती थांबली. "कसल्या खिडक्या? शेवटी तर श्वाससुद्धा नव्हता."

"शेवट म्हणजे पाच नंबर ना, काकू?" शरण्या म्हणाली. "सगळा फोर्स तिथेच आहे की. ग्लास हलते."

"काच पहिल्यात हलली," मी म्हणाले.

"अय्यो अज्जी, पहिल्यात फोर्स कुठला? पहिला एकदम बारीक आहे."

मी भुजंगरावांना फोन लावला.

"क्रम? क्रम मी लावला, वेदवतीबाई. त्या पोरांना कार्यक्रम बांधायला कोण शिकवणार? सुरुवातीला दणदणीत पाहिजे, माणसं जागेवर बसतात. म्हणून पाचवा आधी. उदास, संथ आहे ते शेवटी. म्हणून चौथा शेवटी. इतकी वर्षं भैरवीनंच संपवत आलोय मी."

"ती भैरवी होती का, भुजंगराव?"

"नसेल. पण भैरवीच्या जागेची होती."

मी फोन ठेवला. "शरण्या, चौथा लाव. आणि त्याला लागून पाचवा."

पुन्हा तो एकटा सूर. पुन्हा ती वाढत जाणारी जागा. जानकीनं पदर तोंडात धरला. शेवटचा सूर विरला, गाडीत नुसता टायरचा आवाज राहिला, आणि मग तडतड सुरू झाली.

यावेळी शेजारी कोणी खाकरलं नाही, आणि मला सगळं दिसलं. दिगंबर नुकता नोकरीला लागला होता तेव्हा मला त्याच्या जीपमधून कालवा बघायला घेऊन गेला होता. उन्हाळाभर कालवा कोरडा ठणठणीत, तळाशी भेगा, त्यात वाऱ्यानं आणलेला पालापाचोळा. त्या दिवशी वरचं गेट उघडलं होतं. मी म्हटलं, कुठे आहे रे पाणी? तो म्हणाला, "आत्या, डोळे मिट. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं." आणि खरंच, लांबून तडतड तडतड येत होती. पाण्याची पहिली जीभ वाळलेला पाचोळा ढकलत पुढे येते, त्याचा तो आवाज. पाणी मागून येतं. तोवर धावणारी पोरं, बेडूक, बगळे सगळे पुढे होतात.

"जानकी, चिता नाही ती," मी म्हणाले. "पाणी सोडलंय त्यानं."

तिला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मान डोलावली, पण पदर सोडला नाही. "तो दिसू दे," म्हणाली.

तो दिसला. कालव्याच्या कडेला करंजाच्या झाडाखाली, कानाला मोठे हेडफोन, हातात काठी, काठीच्या टोकाला माईक पाण्यावर धरलेला. शेजारी उघडा डबा, त्यात अर्धी इडली. जानकी गाडी थांबायच्या आत उतरली आणि त्या दोन वेगळ्या चपलांनी बांधावरून फटफट करत "अनू! अरे अनू!" ओरडत धावली.

त्यानं हेडफोन काढले. "आई! रेकॉर्ड होतंय!"

"होऊ दे! फोन का बंद?"

"फोन चालू असला की माईकमध्ये गुरगुर येते. नेहमीच बंद करतो गं. काय झालं? अज्जी पण?"

जानकी त्याच्यासमोर गवतात बसली. दोन वर्षं जे विचारलं नव्हतं ते तिनं सरळ विचारलं. "तुला जगायचंय ना, अनुराग?"

मी आणि शरण्या जागेवरच थांबलो. त्यानं शेजारच्या डब्याला झाकण लावलं.

"चौथा वाजवला तेव्हा नव्हतं फारसं वाटत," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत. कालवा कोरडा होता तेव्हा इथेच येऊन बसायचो. पण वाजवून झाल्यावर तिथं थांबवेना. म्हणून पाचवा केला. ऐकलास ना तू पाचवा? शेवटचा?"

"पहिला," जानकी म्हणाली. "आम्ही तो पहिला ऐकला. भुजंगरावांनी चौथ्याची भैरवी केली."

अनुरागला आधी कळेचना. मग कळलं. आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, अगदी दिगंबरसारखा, मान मागे टाकून. काठी पाण्यात पडली. शरण्या ओरडली, "माईक! माईक!" आणि बांधावर आडवी होऊन तिनं तो ओढला. जानकी रडत होती आणि त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. "नावं तरी द्यायचीस मेल्या तुकड्यांना! नुसते आकडे, कोणीही कसेही लावणार."

"बाबा म्हणायचा ना, कालव्याच्या गेटांना नावं नसतात, नंबर असतात. म्हणून."

परत येताना अनुराग मागे माझ्या शेजारी बसला आणि हुणसूर रस्त्याला लागेपर्यंत माझ्या खांद्यावर झोपून गेला. जानकी पुढून सारखी वळून बघत होती. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा माझी चप्पल परत केली.

त्यानंतर त्यानं डॉक्टरही गाठला, जानकीच्या आग्रहानं, आणि पुष्कळ दिवस जात राहिला. आता तो बंगळूरला आवाजाच्या स्टुडिओत काम करतो. दर शनिवारी येतो, जेवताना इतकं बोलतो की आमटी गार होते. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग त्यानं पुसलं नाही. त्यात पाणी आहे, फटफट चपला आहेत आणि आईची हाक आहे.

शरण्या हुणसूरच्या एका शाळेत संगीत शिकवते, बसनं जाते-येते. तिची मराठी होती तेवढीच आहे. ड्रमवाला मुलगा परदेशी गेला.

फत्तेसिंगराव गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीनं सांगितलं, आजारपणात ते फोनवर अनुरागचा चौथा तुकडा लावून पडून असायचे. "कोण गेलं" म्हणणारा माणूस. आम्हाला कधी बोलले नाहीत.

भुजंगराव अजून कार्यक्रम आखतात. योग्य क्रमानं अल्बम ऐकायला मंडळ पुन्हा जमलं होतं. तेव्हाही निम्म्यांना आवडला, निम्म्यांना नाही, फक्त निम्मी माणसं बदलली. भुजंगराव आजही म्हणतात, चौथा शेवटीच शोभतो.

जानकीला तो अल्बम मुळीच आवडत नाही, असं ती अनुरागला तोंडावर सांगते. वरची खोली आता बहुतेक दिवस शांत असते. ती माझ्याकडे येते, बसते, भाजी निवडते. छताकडे बघत नाही.