पाणी गेलेल्या जागी बालदिन

गावच्या संस्कृती भवनाच्या फळ्यावर जूनचे कार्यक्रम भवनाच्या संचालिकेने, उलमेकेनने, स्वतः रंगवले होते. एक जून, बालदिन : मुलांची चित्रं, दोंब्रावादन, गोष्टी वाचण्याची स्पर्धा, आणि नुकत्याच चालू लागलेल्या चिमुकल्या आइसाराचा पायबंद, म्हणजे पायांत बांधलेला दोरा, कापण्याचा सोहळा. आठ जून : आईवडील आणि मुलांच्या शर्यती. पंधरा जून : लोकर रंगवायला शिका. खाली जाड निळ्या अक्षरांत, जागा : नवा किनारा.

नवा किनारा म्हणजे समुद्राचा तळ. आमच्या अक्कायरांग गावापासून कास्पियन वीस वर्षं मागे हटतो आहे. माझ्या वडिलांची नाव आता खारट झुडपांत पडलेली असते आणि शेळ्या तिच्या सावलीला बसतात. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत पाणी आणखी चार किलोमीटर आत गेलं, तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही. उलट उलमेकेनने गावाभोवतीच्या पुराच्या बांधापासून किलोमीटरभर आत, कडक वाळलेल्या तळावर, मंच उभारायला घेतला.

पण हे हटणं नव्हतं. तीन दिवस पूर्वेचा वारा सुटला होता. आमचा समुद्र इथे माणसाच्या कमरेइतकाही खोल नाही. वारा त्याला परातीतल्या पाण्यासारखा पलीकडच्या काठाला लोटतो. वारा पडला की परात सपाट होते, आणि वारा उलटला की आमच्या बाजूला कलंडते.

पाण्याच्या पातळीचा खांब मी एकतीस वर्षं वाचते आहे, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. एकतीस मेच्या संध्याकाळी खांबाचा पाया कोरडा होता. वहीत मी ‘पाणी नाही’ असं लिहिलं. हे शब्द त्याआधी मी एकदाच लिहिले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी बांधाखाली चरणारे सतरा उंट बुडून गेले होते.

मी वही घेऊन उलमेकेनकडे गेले. ती मंचाला फुगे बांधत होती.

“कार्यक्रम शाळेच्या अंगणात घे,” मी म्हटलं.

“बल्झिया आपाय, शाळेच्या अंगणात चाळीस खुर्च्या मावतात. इथे बघा, देवाने केवढं मैदान उघडून दिलंय!”

“देवाने नाही, वाऱ्याने. तो परत घेईल.”

“तुम्ही माझ्या लग्नात छत्री घेऊन आला होतात, आठवतंय? एप्रिलच्या कडक उन्हात!”

“संध्याकाळी पाऊस आला होता.”

“चार थेंब!” ती हसली. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “जिल्ह्याला कळवलंत ना तुम्ही? ते काय म्हणाले?”

“नोंद घेतली, म्हणाले.”

“मग झालं तर. त्यांनी घेतली, मीही घेतली. उद्या सोन्याची कर्णफुलं घालून या. शाशू तुम्हालाच उधळायचीय.”

शाशू म्हणजे शुभकार्यात वडीलधाऱ्या बाईने लोकांच्या डोक्यावरून उधळायची मिठाई. आइसारा माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणून मान माझा होता. आइसाराची आई गुलजाझिरा हिने चार किलो चॉकलेटं पिशवीत भरून दिली.

सकाळी आठला खांब कोरडाच होता. दहापर्यंत सगळं गाव तळावर उतरलं. चित्रं दोरीवर फडफडत होती. उलमेकेनच्या यादीप्रमाणे मुलं चौसष्ट, आणि चौसष्टावी आइसारा. बावीर्साक, पिठाचे फुगीर गोळे, तळल्याचा वास सुटला होता, ध्वनिवर्धक खरखरत होता.

साडेदहाला चित्रं फडफडायची थांबली.

“वारा पडला,” मी म्हटलं.

“हुश्श! एक चित्र उडून पार समुद्राकडे गेलं होतं,” उलमेकेन म्हणाली.

मी मागे, गावाच्या दिशेला चालत गेले. मंच आणि बांध यांच्या मधोमध जुना ओहळ आहे. पूर्वी त्यातून नावा बांधापर्यंत यायच्या. आता तो कोरडा चर होता, मुलं त्यात घसरत उतरून पलीकडे गेली होती. समुद्र परतताना आधी सपाटीवरून येत नाही, खोलगट जागा शोधत येतो. मी तळाशी खुणा केलेली काठी रोवली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी काठीभोवतीचा चिखल काळा पडला. अकरा चौदाला दोन सेंटिमीटर. अकरा अठराला सहा. पाणी डावीकडून येत होतं. त्यावर फेस, वाळकं गवत आणि उंटांची लीद होती, आवाज मात्र मुळीच नव्हता. मंचासमोरून पाहिलं तर समुद्र अजून क्षितिजावरची रेघ होता, आणि सगळे तिकडेच तोंड करून बसले होते. ओहळाची खोली नव्वद सेंटिमीटर. वाढीचा वेग वाढत होता. अर्ध्या तासात सहा वर्षांच्या मुलाच्या छातीला लागलं असतं.

मी मंचाकडे परतले, तोवर आइसाराच्या पायातला काळापांढरा दोरा कापून झाला होता. मी उलमेकेनच्या कानाशी लागले. “मागच्या ओहळात पाणी आलंय.”

“मागे?” तिच्या हातातला माइक चालूच होता. “आपाय, समुद्र पुढे आहे!”

लोक खदखदून हसले. पहिल्या रांगेतले कोशान आजोबा मांडीवर थाप मारत म्हणाले, “बल्झियाच्या चहाच्या कपालाही पातळीचा खांब असेल!”

ओरडावं का, असा विचार मी केला. ओरडले असते तर चौसष्ट आया चौसष्ट दिशांना आपापलं मूल शोधत धावल्या असत्या, कोणी पाणी बघायला पुढेही गेलं असतं. आणि त्याआधी सगळे पुन्हा हसलेच असते.

“आपाय, शाशू!” गुलजाझिराने हाक मारली.

शाशूवर झडप घालू नये, हे एकाही कझाक मुलाला आजवर कोणी शिकवू शकलेलं नाही. मी पिशवी उघडली आणि पहिली मूठ मंचावर न टाकता गर्दीच्या मागे, गावाकडे उधळली.

मुलं वळली. मी आणखी तीस पावलं चालून दुसरी मूठ टाकली. मग तिसरी.

“आपाय, इकडे! माझ्याकडे टाका!”

“तू दोनदा घेतलंस, चोरटे!”

ध्वनिवर्धकातून उलमेकेन ओरडली, “आपाय, मुलांना कुठे नेताय? बक्षिसं राहिलीत!”

मी मागे पाहिलं नाही. ओहळात आता पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत होतं. मी मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांत मोठी मूठ पलीकडच्या काठावर फेकली. मुलं काठाशी थबकली. मग नुरिला नावाची दात पडलेली मुलगी बुटांसकट आत शिरली, आणि तिच्या मागे सगळी.

आया धावत आल्या. “अगं, नवे बूट! कालच घेतलेत!” काठाशी आल्यावर मात्र एकेक जण बूट विसरून मुलांमागे पाण्यात शिरली.

मी मोजत होते. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. पाणी कमरेला आलं तेव्हा गुलजाझिरा आइसाराला खांद्यावर घेऊन आली. चौसष्ट. मग कोशान आजोबा आले, दोंब्रा डोक्यावर धरून. माझ्याकडे न पाहता त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि पलीकडे गेले. म्हातारी माणसं, बाप्ये, सगळे एकमेकांचे हात धरून उतरले.

मागे ध्वनिवर्धकात बक्षिसांची नावं चालूच होती, रिकाम्या बाकांपुढे. मग एक नाव अर्ध्यावर तुटलं. तारा भिजल्या असाव्यात.

उलमेकेन शेवटी आली. चित्रांची गुंडाळी तिने डोक्यावर धरली होती आणि पाणी तिच्या छातीला लागत होतं. तिला पोहता येत नाही. मी आणि माझा पुतण्या आत जाऊन तिला ओढत घेऊन आलो. बांधावर बसून तिने मंचाकडे पाहिलं. मंचाचे पाय दिसत नव्हते. फुगे पाण्याला टेकले होते.

“उंटांच्या वेळी कुठवर आलं होतं?” तिने विचारलं.

“बांधाच्या पायथ्याशी.”

“आणि तेव्हा वारा?”

“तेव्हा उलटा फिरला नव्हता. नुसता पडला होता.”

तेवढ्यात गालाला गार लागलं. चित्रांच्या गुंडाळीची कडा फडफडली, गावाच्या दिशेला. पश्चिमेचा वारा.

मी बांधाच्या पायथ्याशी काठी रोवली आणि घड्याळात पाहिलं. चार मिनिटांत अकरा सेंटिमीटर. मुलं बांधावर चॉकलेटांचे कागद मोजत, भांडत बसली होती. बांधामागे घरं, घरांमागे शाळा, सगळं एकाच पातळीवर. गावात उंच जागा एकच आहे, कबरस्तानाचं टेकाड.

उलमेकेन माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. या वेळी ती हसली नाही. “पिशवीत किती उरलंय?” तिने हळूच विचारलं.

“अर्धं.”

“बाळांनो!” ती उभी राहून जोरात ओरडली. “शाशू संपलेली नाही हं!”

मी पुढची मूठ कबरस्तानाकडे उधळली.