पहिली वेळ धरायची नाही

आमच्या घरात दोन जावा, आणि नशीब असं की दोघी एकाच ऑफिसात. मी मोठी. औषधांच्या वेळांची आठवण करून देणारं आमचं ॲप बोट टेकल्यापासून उघडेपर्यंत किती वेळ घेतं ते मोजायचं आणि तो वेळ कमी करायचा, हे माझं काम. ऑफिसात मला घड्याळबाई म्हणतात. धाकटीला हे काम मीच शिकवलं, घरचीच म्हणून जरा जास्त जीव लावून. आणि आता बाईसाहेबांनी ॲप उघडण्याचा सगळा भाग नव्याने लिहून काढला होता. साहेब म्हणाले, सोमवारी जुनं आणि नवं दोन्ही मोजून दाखवा, ज्याचं लवकर उघडेल त्याच्याकडे हे काम राहील.

म्हणजे माझंच काम, माझ्याच हाताने मोजून, हिच्या पदरात टाकायचं.

ऑफिसातल्या नव्या फोनवर मोजलं, तर तिचं लवकर उघडलं. फोन बंद करून चालू केला, पुन्हा मोजलं. तरी तिचंच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. एक तर बया दिसायला चांगली, बोलायला गोड, सासूबाई उठताबसता धाकटी-धाकटी करतात. मला मात्र म्हणतात, तू सदा घाईत असतेस गं. घाई हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे यांना कोण सांगणार?

रविवारी मी सासूबाईंचा जुना फोन मागून घेतला. माझं ॲप त्यावर होतंच, रोज वापरतात त्या. शेजारी तिचं नवं टाकलं आणि उघडलं. पडदा पांढरा. मी घड्याळाकडे बघतेय आणि पडदा आपला पांढराच. पार कंटाळा आल्यावर कुठे उघडलं. मग माझं दाबलं, तर चटकन हजर! मनात अशा उकळ्या फुटल्या म्हणता. आकडे उतरवले आणि पुन्हा मोजायच्या भानगडीत पडलेच नाही. सासूबाईंनी विचारलं, आज एवढी खुशीत कशी? मी म्हटलं, उगाच. दुसऱ्या दिवशी काहीतरी सांगून त्यांचा फोन सोबत घेतला, पुरावा म्हणून.

ऑफिसात मी जोरात सुरुवात केली. नव्या फोनवर काय, काहीही पळेल. लोकांच्या हातात जुने फोन आहेत आणि तिथे हिचं ॲप मार खातं. साहेबांनी धाकटीला विचारलं, तुझं काय म्हणणं? तिने आकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

“ताईंनी मोजलंय ना? मग बरोबरच असणार.”

बरोबर कसलं डोंबलाचं! कारण नवीन ॲप फोनवर टाकलं की पहिल्यांदा उघडताना ते नुसती मांडामांड करत असतं, नव्या घरात पहिला दिवस सामान लावण्यात जातो तसं. म्हणून ती पहिली वेळ कधीच धरायची नाही. हा नियम या ऑफिसात आणला कोणी? मी. आणि माझं ॲप सासूबाईंनी सकाळच्या गोळीसाठी उघडलेलं, ते फोनमध्ये जागंच होतं. रविवारी हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. माझे डोळे टक्क उघडे होते.

तिची दया आली म्हणून नाही हं. पण घड्याळबाईचं माप खोटं? ते काही मला सोसवेना.

“थांबा,” मी म्हटलं. “मी पहिलीच वेळ धरलीय. परत मोजते.”

सगळ्यांसमोर मोजलं, दर वेळी फोन बंद-चालू करून. माझं ॲप आळोखेपिळोखे देत उघडलं. तिचं त्याच्या निम्म्या वेळात. काम तिच्याकडे गेलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती हळूच म्हणाली, तुम्ही पहिली वेळ धरलीत हे मला आकडे बघूनच कळलं होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल, माहीत होतं.”

घ्या! काम गेलं ते गेलंच, पण निदान मोठ्या मनाची म्हणून तरी मी मिरवले असते. तर तिथेही ही माझ्याआधी पोचलेली. असा राग आला की लिफ्टचं दार उघडल्यावर मी तिच्यासाठी थांबलेसुद्धा नाही.

घरी सासूबाईंना फोन परत दिला. त्यांनी नवं ॲप उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, अगोबाई, चष्मा चढवायच्या आत उघडलं की! कोणी केलं गं हे? धाकटी कप विसळत होती. ती ताईंनी शिकवलं वगैरे काहीतरी पुटपुटली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“धाकटीनं,” मी म्हटलं.

एवढं म्हणायला मला किती वेळ लागला, ते कोणी मोजत नव्हतं हेच बरं.