मनाईच्या टेबलाचं नाव

या माउलींनो, जरा पुढे सरकून बसा. एका दाराची गोष्ट सांगतो, आणि ते दार अंगानं अडवणाऱ्या मावशीची.

मारकुट्या नवऱ्यांपासून जीव वाचवून आलेल्या बायांचं ते घर. दाराशी मावशी बसे. येणाऱ्यानं आपलं ओळखपत्राचं कार्ड यंत्राला टेकवायचं. मनाई असलेल्यांच्या यादीत, म्हणजे संगणकातल्या टेबलात, तो सापडला तर तांबडा दिवा, नाहीतर हिरवा, आणि दार उघडे. ही सगळी मांडणी मावशीच्या भाच्याची.

त्या सकाळी त्यानं ‘मनाई’ या टेबलाचं नाव बदलून ‘मनाई_माणसं’ केलं, आणि मनाई असलेल्या गाड्यांसाठी ‘मनाई’ नावाचं दुसरं कोरं टेबल उघडलं.

“लोक माणसांना नावं ठेवतात,” मावशी म्हणाली, “आमचं येडं टेबलांना ठेवतंय!”

“हस तू. घरी करून बघितलंय, मावशे.”

त्याच्या घरच्या संगणकावर चाललंच होतं. तिथला डेटाबेस नवा. टेबलाचं नाव बदललं की दारासाठी साठवलेला ‘हा माणूस मनाईत आहे का?’ हा प्रश्न आपोआप नव्या नावामागे जाई. दारावरच्या डेटाबेसची आवृत्ती मात्र जुनी. तिथे प्रश्न ‘मनाई’लाच चिकटून राहिला, आणि त्या टेबलात आता चिटपाखरू नव्हतं.

दुपारी तिथे आसऱ्याला आलेल्या शिंपिणीचा नवरा आला, मनाईतलाच. कार्ड टेकवलं. हिरवा!

“अरे मेल्या, तू कसा आत?” मावशी उठेपर्यंत त्यानं बाहीतून गज काढला होता. पहिल्याच घावात तिचा खांदा निखळला. ती पडली ती त्याच्या पायाला मिठी घालूनच.

“पोरी, कडी लाव!”

शिलाई मशीनवर बसलेली शिंपीण आतल्या खोलीत धावली. तो मावशीला फरफटत निघाला. गज तिच्या बोटांवर, बरगड्यांवर, डोक्यावर पडत राहिला. फरशी लाल झाली. तिनं त्याच्या पोटरीत दात रुतवले. आत कडी पडली.

भाचा जिन्यावरून उडी मारून आला. खुर्चीच्या दणक्यानं त्यानं त्या माणसाचा जबडा मोडला. उलट आलेल्या गजाच्या फटक्यानं भाच्याचा कान फाटला. तो थांबला नाही. शेवटी तो माणूस आडवा झाला.

मावशीची मिठी तशीच होती. श्वास नव्हता.

“माझ्यामुळं गेली,” भाचा भिंतीवर डोकं आपटू लागला. शिंपिणीनं कडी काढली, बाहेर आली आणि त्याचं कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये आपला तळहात धरला. “पुरे रे भावा. आज आणखी रक्त नको.”

माउलींनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मावशीची आठवण काढा. आणि मन मोठं झालं तर तिच्या भाच्याचीही.