दूध हजर करा

“दूध हजर करा,” कोकिळा म्हणाली, आणि चुलीपुढे बसलेल्या गजराच्या हातातली फुंकणी खाली पडली.

पोर अडीच वर्षांची. नुकती कुठे शब्दाला शब्द जोडायला लागलेली, आणि जोडले ते हे! ओसरीवर बसलेल्या आजीने, सुंदरबाईने, कपाळावर हात मारला. गजरा तरातरा दारात गेली. तिथे तिचा नवरा पट्ट्यावरचा पितळी बिल्ला चिंचेने घासत बसला होता.

“आयकं का तुमी? पोर काय बोलनी ते? आठे घर शे का कचेरी?”

“आयकं ना!” पितांबर म्हणाला. पोरीला मामलेदारी मिळाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. मग मुलीकडे वळून तो अदबीने म्हणाला, “आपलं दूध मंजूर आहे. आपण बसून घ्यावं.”

पितांबर कचेरीत पट्टेवाला होता. नंदुरबारच्या त्या गल्लीत सगळे अहिराणी बोलत. पितांबरही आईशी, बायकोशी, गल्लीशी तेच बोले. फक्त मुलीशी, ती पाळण्यात असल्यापासून, तो मराठी बोलायचा. आता ही काही त्याची भाषा नव्हे. शाळा चौथीपर्यंतची, बाकी सगळी मराठी साहेबाच्या दाराशी उभं राहून कानांनी गोळा केलेली. तिथे जे पिकत होतं तेच घरी येणार! त्यामुळे त्याच्या घरात भाकरी मंजूर व्हायची, हट्ट नामंजूर व्हायचा, अंघोळीसाठी पोरीचा पुकारा व्हायचा आणि सांडलेल्या वरणाची रीतसर चौकशी व्हायची.

आणि एवढ्याशा पोरीला ‘आपण’! याचं कारण साधं होतं. कचेरीच्या मराठीत माणसाशी बोलायच्या दोनच तऱ्हा त्याने ऐकल्या होत्या. साहेबाला ‘आपण’ आणि खेड्यातून आलेल्या माणसाला ‘ए, तू’. दोन्हींतून त्याने मुलीसाठी पहिली निवडली, बस्स.

गल्लीला तर आयतंच कोलीत मिळालं. शेजारचा दोधू रोज सकाळी भिंतीवरून विचारायचा, “पितांबरभाऊ, सायेबनी आंघोय व्हयनी का?” बायका पाण्याला जाताना कोकिळेला मुद्दाम बोलतं करायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. पितांबर ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोराने मराठी बोलायचा. हसणाऱ्यांचे दात दिसतात, यापलीकडे काय होतं?

गजराला मात्र हसू येत नव्हतं. तिला भीती होती. “पोर उद्या मन्हासंगे बोलाव नही. मी काय तिना घरनी मोलकरीन?”

“तू तुन्ही बोल, मी मन्ही बोलसू,” पितांबर म्हणाला. “पोरले दोन्ही येतीन.”

“पन कसाले? आपली बोलीले काय किडा पडनात?”

पितांबरने बिल्ला पुन्हा घासायला घेतला. बोलली ती सुंदरबाई. “ऱ्हाऊ दे वं, गजरा,” ती म्हणाली. “त्याले म्हैस याद येस.”

कोकिळा जन्मायच्या आदल्या वर्षी सुंदरबाईची म्हैस कोणाच्या तरी शेतात शिरली आणि कोंडवाड्यात गेली. सुंदरबाई तडक कचेरीत गेली. मुलगा दाराशी उभा आहे, मग भीती कुणाची? तिने पदर सावरला आणि साहेबाला सांगितलं, “सायेब, म्हैस कोंडवाडामा शे, आनि तिनं पारडू घर भूक्यं वरडी ऱ्हायनं.” साहेब देशावरचे. ते कारकुनाकडे पाहून म्हणाले, “ही काय बरळते? त्यापेक्षा म्हशीलाच बोलवा. ती तरी स्पष्ट बोलेल.” सगळी कचेरी हसली. पितांबर दारातून पुढे आला आणि म्हणाला, “साहेब, ती माझी आई आहे.” साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, “बरं,” म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

म्हैस सुटली संध्याकाळी. परतताना सुंदरबाई एवढंच म्हणाली, “त्यासनी भाषा गोड शे रे. पन तिले दात शेतस.”

ते दात पितांबरला आपल्या मुलीच्या तोंडात हवे होते. ती कधी कुठल्या टेबलापुढे उभी राहिली, तर तिच्यावर कुणी हसता कामा नये.

एकदा मात्र तो हरायला आला होता. कोकिळेला हिवतापाने धरलं. अंगाची भट्टी झालेली पोर बापाचा हात सोडीना. आणि पितांबरच्या त्या मराठीत मायेचा शब्दच नव्हता! साहेब कशाला कोणाला गोंजारतोय? तो उशाशी बसून राहिला आणि घोकत राहिला, “आपली प्रकृती बरी असावी. आपली प्रकृती बरी असावी.” पलीकडून गजरा “मन्ही माय, मन्ही बाय वं” करत पोरीच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. ताप उतरला तेव्हा पोरीने डोळे उघडले, आईला म्हणाली, “माय, भूक लागनी,” आणि बापाला म्हणाली, “प्रकृती बरी आहे.” पितांबर उठून मागच्या दाराला गेला आणि पोटभर रडला.

पुढे कोकिळा मुलींच्या शाळेत जाऊ लागली आणि तिथे खरी परीक्षा झाली. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, “पाणी पिण्याकामी बाहेर जाण्यास परवानगी असावी.” वर्ग खो खो हसला. मास्तरीणबाईंनाही हसू आवरेना. पोर घरी आली ती रडत. “आबा, मी आता मराठी बोलणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पितांबर पट्टा-बिल्ला चढवून शाळेत गेला.

मास्तरीणबाई नाशिककडच्या, मनाने चांगल्या. त्या समजावून म्हणाल्या, “हे पाहा, तुम्ही घरी तुमचीच बोली बोला. मराठी आम्ही शिकवू. तुमची मराठी म्हणजे... कशी सांगू? पोरीचं हसं होतं.”

शिकलेल्या माणसाशी एका वाक्यापलीकडे मराठी बोलायची पितांबरची ही पहिलीच वेळ. पण जीभ अडखळली नाही.

“बाई, आमची बोली तिला तिची आई देते, आजी देते, गल्ली देते. ती तिच्यापासून कोणी काढून घेणार नाही. ही भाषा मात्र तिला घरात देणारा मी एकटाच. माझी मोडकी आहे, कबूल. पण मोडक्या गाडीनंही बाजार गाठता येतो, बाई. आपण दुरुस्त करा. मी थांबणार नाही.”

बाईंनी हजेरीपुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, “बरं. निदान ते ‘पिण्याकामी’ तरी सोडाल का?”

“विचार केला जाईल,” पितांबर म्हणाला.

हळूहळू कोकिळेने शाळेत एक, आईशी दुसरी आणि बापाशी तिसरी अशा भाषा वेगळ्या केल्या. शाळेची मराठी तिच्या तोंडी इतकी स्वच्छ बसली, की बापाची चूक तिला लगेच कळायची. तिने ती कधी दाखवली नाही. ती सातवीची फायनल परीक्षा पास झाली. आजी तोवर गेली होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात कोकिळेचं नाव लागलं. दोधू भिंतीवरून म्हणाला, “पितांबरभाऊ, सायेब खरंच सायेब व्हयनी!” या वेळी त्यात टिंगल नव्हती.

निघायच्या दिवशी स्टेशनावर पितांबर पट्ट्यातच होता. नवे साहेब त्याच गाडीने दौऱ्यावर निघाले होते, त्यांची ट्रंक त्याने सेकंड क्लासात चढवली. मग धावत तिसऱ्या वर्गाच्या डब्याशी आला. कोकिळा खिडकीत होती. आईने तिला शेवग्याच्या शेंगांसारखे लांबलचक सल्ले देऊन झाले होते. आता ती बापाकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी अहिराणीत बोलली.

“आबा, येक डाव आपली बोलीमा सांगा ना, तुमले काय वाटस ते.”

पितांबरच्या ओठांवर सगळी अहिराणी आली. मन्ही माय, मन्ही बाय, सगळं. त्याने पट्टा सरळ केला.

“आपला अर्ज पोहोचला,” तो म्हणाला. “नामंजूर.”

कोकिळा रडता रडता हसली. गाडीने शिटी दिली. साहेब सेकंड क्लासच्या खिडकीत आले, सलाम घ्यायला त्यांचा हात अर्धा वर आला. पितांबरने त्यांच्याकडे पाठ फिरवली, टाचा जुळवल्या आणि तिसऱ्या वर्गाच्या खिडकीला खणखणीत सलाम ठोकला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.

घरी येताना गजराने विचारलं, “आते कोनासंगे बोलशात ती भाषा?”

 पितांबर रात्री जेवला नाही. सकाळी पट्टा मांडीवर घेऊन बसला, पण बिल्ला घासेना.

गजरा चुलीपासून उठली. पेला त्याच्यापुढे ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. इतकी वर्षं ज्या भाषेला नावं ठेवली तिच्यातला एकेक शब्द ती सांभाळून, जड जिभेने बोलली.

“दूध हजर आहे. आपण... घ्यावं.”