साडेतीनच्या खुर्च्या

सुभद्राताईंच्या सभेला तीनशे खुर्च्या होत्या. मीच मोजून उतरवून घेतल्या, म्हणून छातीठोकपणे सांगते.

ताई मूळच्या वर्ध्याच्या, माझ्याच गावाकडच्या. एकवीस वर्षं इथे उत्तरेत, आमच्या तेलीबाग वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, माझी पिंकीसुद्धा. शहाण्णवच्या विधानसभेला नोकरीचा राजीनामा देऊन त्या अपक्ष उभ्या राहिल्या. परतीची वाट नव्हती.

सभा पाचची. साडेतीनलाच दिल्लीच्या एका चॅनलची जीप आली. मंडपात मी, खुर्चीवाला आणि एक कुत्रं.

"भैया, पाँच बजे तक रुकिए ना. सब आएँगे."

"दीदी, कैसेट शाम के प्लेन से दिल्ली भेजनी है. रुक नहीं सकते."

रिकाम्या खुर्च्यांवरून कॅमेरा फिरवून ते निघून गेले. वर मीच मेलीने त्यांना चहा पाजला.

पाच वाजता बसायला जागा उरली नाही. माझे मिस्टर, पंढरीनाथ, दोन तास भिंतीला टेकून उभे होते. नळाच्या पाण्यावर ताई अशा बोलल्या, की म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत त्या खुर्च्या दिसल्या. कुत्रंही दिसलं. मागून आवाज आला, "निर्दलीय प्रत्याशी की सभा में सन्नाटा."

"मम्मी, वहाँ तो कोई था ही नहीं," पिंकी म्हणाली.

"अगं भवाने, तू माझ्या शेजारी बसली होतीस!"

"हाँ, पर टीवी पर तो..."

पोरीचं सोडा. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकाच भाजीच्या गाडीपाशी म्हणू लागल्या, बेचारी की हवा ही नहीं है. आणि जागा नाही म्हणून उभे राहिलेले पंढरीनाथ मला म्हणाले, "मत कशाला वाया घालवायचं?" हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. आम्हाला लागला.

मी त्यांच्याशी बूथच्या दारापर्यंत भांडले. मग आत गेले, ठप्पा हातात घेतला, आणि डोळ्यांपुढे त्या रिकाम्या खुर्च्याच आल्या. ठप्पा दुसऱ्याच चिन्हावर पडला. पडला कसला, मी मारला.

ताईंना सत्त्याण्णव मतं मिळाली.

निकालानंतर चार दिवसांनी त्या घरी आल्या. "जयभीम, पद्मा," म्हणून खाली चटईवरच बसल्या. चेहरा पार उतरला होता.

"एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या ना गं? मला आता नीट आठवेनासं झालंय."

"भरल्या होत्या, ताई. शपथेवर सांगते."

मला माझीच किळस आली. त्यांनी माझा हात धरला.

"बरं झालं विचारलं. बाकीच्यांचं मला काही माहीत नाही. पण त्या सत्त्याण्णवातलं एक तुझं, एवढं तरी पक्कं आहे."

मी हात सोडवून चहा ठेवायला उठले.