सासऱ्यांबरोबर तळ्यांची फेरी

सायकलवर बसल्यापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सायकल नवऱ्याची, सीट नवऱ्याच्या उंचीची, आणि ती खाली घ्यायचा बोल्ट असा गंजलेला की सासऱ्यांनी सकाळी त्याच्यापुढे हात टेकले. त्यामुळे थांबायचं म्हटलं की तिला उडीच मारावी लागे. पण सीटचा त्रास परवडला. नवरा तिच्या गळ्यात एक काम अडकवून मोकळा झाला होता, ते तिला धड बसू देत नव्हतं.

सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर इथल्या उघड्या कोळसा खाणीत खोदयंत्र चालवत होते. खाण संपली, पंप बंद झाले, खड्ड्यांत पाणी चढत जाऊन तळी झाली. मग काठांवर झाडं लावली गेली, एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्याकडे जाणारी गुळगुळीत सायकलवाट झाली. ही सगळी फेरी मुलाबरोबर करायची, अशी बाबांची फार इच्छा. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी मुलाला ऐन वेळी काहीतरी काम निघायचं. या वर्षीही निघालं, आणि बदली म्हणून सूनबाई आली, एवढंच बाबांना माहीत होतं. मुलाने घर सोडून ऑफिसजवळ खोली घेतली आहे, दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

“तूच सांग ना त्यांना,” नवरा म्हणाला होता. “तुझं ऐकतात ते.”

आणि ती हो म्हणून बसली होती. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांना नको असलेल्या गोष्टी सांगायची. नंबर वाढलाय, आता हा चष्मा कायमचा, वगैरे. तिथे तिची जीभ कधी अडखळत नसे. इथे मात्र पहिलं तळं संपत आलं तरी तोंडून शब्द फुटेना.

बाबा मात्र रंगात आले होते. त्यांची सायकल बॅटरीवर चालणारी, त्यामुळे चढावरही ते आरामात गप्पा मारत आणि ही मागून धापा टाकत येई. पाण्याकडे बोट दाखवत ते सांगत, तो पाण्यावर तरंगणारा लाल बोया दिसतो ना, त्याच्या बरोब्बर खाली आमचं कॅन्टीन होतं. आम्हाला तिथे धड जेवण मिळालं नाही, आता मासे काय जेवत असतील कुणास ठाऊक. मग स्वतःच मोठ्याने हसत. ती “बाबा, एक बोलायचं होतं,” म्हणाली तर ते वाऱ्यात त्यांना ऐकूच गेलं नाही. यंत्राच्या खडखडाटात त्यांचे कान आधीच अधू झाले होते. दुसऱ्या तळ्यावर तिने पुन्हा मनाचा हिय्या केला, तर बाबांनी सायकल थांबवून विचारलं, “तू सुखात आहेस ना गं?” खरं तर यापेक्षा चांगली वेळ कुठली? पण ती पटकन म्हणाली, “सीट टोचतेय हो फक्त.” आणि पुढचा सगळा रस्ता स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

तिसऱ्या तळ्यावर एका जुन्या कंटेनरला खिडकी पाडून चहाचं दुकान केलं होतं. बाहेर बाक होते. तिने डबा उघडला, उकडलेली अंडी काढली. बाबांनी एक अंडं तोंडात घातलं आणि मुलाला फोन लावला. कुठवर आलो ते त्याला सांगू, जळू दे जरा, म्हणाले. ऐकू नीट यावं म्हणून ते नेहमी स्पीकर लावत. तिने हात पुढे केला, पण पलीकडून आवाज आलाच.

“बाबा? सांगितलं ना तिने?” नवरा एका दमात बोलत सुटला. “मला वाटलंच होतं, आज फोन करणार तुम्ही. हे बघा, भांडण वगैरे काही नाही. आम्ही दोघांनी विचार करूनच वेगळं व्हायचं ठरवलंय. तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडातला घास तसाच होता. तो त्यांनी सावकाश चावला, गिळला, फोन बंद करून खिशात ठेवला आणि डब्याचं झाकण नीट दाबून लावलं. मग सायकलवर बसले आणि निघाले.

डबा तिथेच टाकून ती मागे लागली. पण बॅटरीच्या सायकलला गाठणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. वळणामागून वळण जाई आणि बाबांची पाठ काही दिसेना. पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. तळ्याकडच्या वाटेवर अडसर टाकलेला होता आणि वर मोठी पाटी: काठ खचत आहे, जाऊ नये. खाली चित्र होतं, मातीत रुतलेला माणूस आडवा पडलेला. अडसराच्या बाजूने ओल्या वाळूत टायरचा ताजा माग गेला होता.

बाबा अगदी काठाशी सायकल धरून, पाण्याकडे तोंड करून उभे होते.

“बाबा, मागे या. पाटी आहे इथे.”

“ही माती मी टाकलीय,” ते मागे न वळता म्हणाले. “मला पाट्या दाखवू नकोस.”

ती एक पाऊल पुढे गेली आणि त्यांच्या दोघांच्या मधोमध वाळूत एक रेघ उमटली. आवाज असा काही झालाच नाही. पोत्यातून साखर घसरावी तसा काठाचा पट्टा बाबांसकट खाली बसला. सायकल आधी गेली, तिचं हँडल पाण्यावर क्षणभर दिसलं आणि नाहीसं झालं. बाबा मांड्यांपर्यंत रुतले होते आणि जसजसे पाय उपसायला जात होते तसतसे अधिकच आत जात होते.

तिच्या डोळ्यांसमोर ते पाटीवरचं चित्र आलं. “हलू नका,” ती ओरडली. “आडवे व्हा. अंथरुणावर झोपतो तसे.” तिने नवऱ्याची सायकल वाळूवर आडवी टाकली, तिच्यावर पालथी पडली आणि पुढचं चाक बाबांकडे सरकवलं. बाबांनी चाक धरलं. किती वेळ गेला ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. ती ओढत होती, ते कोपरांवर सरपटत होते, दोघांच्या तोंडात वाळू जात होती. शेवटी एक बूट आत ठेवून बाबा बाहेर आले.

दोघं झाडांपर्यंत रांगत गेली आणि तिथे बसली. बाबांचा एक पाय अनवाणी होता. ते त्या पायाकडे बघत होते.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून.”

“आणि सांगायचं काम तुझ्यावर ढकललं त्याने.”

“मी हो म्हटलं ना.”

“का म्हटलंस?”

“तुम्हाला भलत्याकडून कळू नये म्हणून.”

“कळलं की,” बाबा म्हणाले. “तोंडात अंडं असताना.”

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. परत एकत्र येण्यासारखं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ते विचारलं नाही.

चौथ्या तळ्याच्या टेहळणीच्या मनोऱ्यावरून तिथल्या किनारा-रक्षक बाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या जीप घेऊन आल्या त्या तोंडाचा पट्टा सोडूनच. दोघांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. मग त्यांनीच दोघांना आणि सायकलला जीपमध्ये घालून आपल्या चौकीत नेलं, बाबांना घोंगडी दिली, गरम चहा दिला. बाबांचा फोन भिजून मेला होता. त्यांनी सुनेचा मागून घेतला.

“मी बोलतोय, तुझा बाप,” ते म्हणाले. “चौथ्या तळ्याच्या चौकीवर गाडी घेऊन ये. नाही, तिला देत नाही. जे काय असेल ते माझ्यासमोर बसून, तुझ्या तोंडाने सांग.”

नवरा यायला बराच वेळ होता. ती खिडकीशी गेली, परत आली, बसली, उठली. तो येईल, तिघं एका गाडीत बसतील, आपण मागच्या सीटवर गप्प. नुसत्या विचारानेच तिला कोंडल्यासारखं झालं. पाचव्या तळ्यावर रात्रीसाठी खोली घेतलेली होती. बाहेर सायकल भिंतीला टेकलेली होती.

“बाबा, मी पुढे जाऊ का?”

त्यांनी घोंगडीतून वर पाहिलं. तिला वाटलं, आता रागावतील.

“ब्रेक तपासून घे, सूनबाई,” ते म्हणाले. मग जरा थांबले, जणू त्या शब्दाचं आता काय करायचं ते त्यांना कळेना. “वाळू गेली असेल त्यात. आणि पोचलीस की फोन कर.”

“तुमचा तर बंद पडलाय.”

“त्याच्या फोनवर कर. घेईन मी.”

ती निघाली. साखळीत वाळू करकरत होती, गुडघा सोलला होता, आणि आपण म्हाताऱ्या माणसाला टाकून पळतोय का, हा प्रश्न चढावर एकदा आणि उतारावर एकदा, असा सारखा येत राहिला. मागे वळून बघावंसं वाटलं की ती जोरात पाय मारी. एकदा तर उतरून परत फिरलीसुद्धा, थोडी चालली, आणि पुन्हा सायकल वळवली.

पाचव्या तळ्यावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. खोलीवर जायच्या आधीच तिने फोन लावला.

“पोचलीस?” बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा.

“पोचले. तुम्ही?”

“गाडीत आहे. बूट नाही, पण बरा आहे.” मागून नवऱ्याचा आवाज आला. तो काहीतरी विचारत होता, फोन मागत असावा.

“थांब जरा,” बाबा त्याला म्हणाले. “मी बोलतोय ना तिच्याशी.”