एकास एक

निवड समितीच्या साहेबांनो, बास्केटबॉल पाच जणांचा खेळ आहे हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी चाचणी घेतलीत एकास एक. इथंच तुम्ही माझ्या नवऱ्याचा गळा कापलात.

माझा नवरा स्टार नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, बायकोच ती, बोलणारच. कारखान्याच्या टीममध्ये स्टार एकच, हिरो. दोघे अंगावर असताना, तोल गेलेला असताना तो चेंडू जाळीत घालतो. माझ्या नवऱ्याला ते उभ्या जन्मात जमणार नाही. खेळाडूंसाठी कारखान्यात काढलेल्या दोन कायम जागांपैकी पहिली हिरोला दिलीत, बरोबर केलंत.

भांडण दुसऱ्या जागेचं आहे.

नवऱ्याला सगळे भिंत म्हणतात. गोदामात कंत्राटावर माल चढवतो. मैदानात हिरोच्या मागे धावणाऱ्याच्या वाटेत जाऊन उभा राहतो. त्याला स्क्रीन म्हणतात. धावणारा छातीवर येऊन आदळतो, तेवढ्यात हिरो मोकळा होतो. बास्केट हिरोची, टाळ्या हिरोला, तेल मी चोळते. समोरच्यांचा तगडा गडी आला की त्याच्या मानगुटीवर बसायचं कामही याचंच. या कामात याच्या तोडीचा दुसरा दाखवा.

तुम्ही निवडलंत त्या भिंगरी म्हणतात त्या पोराला. पायांतून चेंडू काढतो, गिरक्या घेतो. बघायला झकास. पण हिरोच्या पासंगालाही पुरत नाही.

चाचणीत भिंगरी गिरक्या घेत होता आणि हा नुसता हात पसरून उभा. शिट्टीवाले साहेब ओरडले, "अहो, खांब झालात काय? काहीतरी करा!"

हा म्हणाला, "साहेब, स्क्रीन लावू कुणासाठी? माझा माणूसच नाहीये इथं."

तुम्ही हसलात. मी कठड्याशी उभी होते, सगळं ऐकलं.

आज दुपारी हिरो दारात आला. आत येईना.

"वहिनी, साहेबांचा निरोप आहे. भाऊला आजपासून सरावाला बोलावलंय."

"कायम केलं?"

"नाही हो. भिंगरीला स्क्रीन लावता येत नाही. मध्येच चेंडू मागत सुटतो. त्याला घेतल्यापासूनच्या दोन्ही मॅच हरलो आम्ही. भाऊनं त्याला शिकवावं म्हणतात."

"वा रे वा! शिकवायचं यानं आणि कायम व्हायचं त्यानं?"

"मी बोललो, वहिनी. शपथ. साहेब म्हणाले, असे गडी पायलीला पन्नास मिळतात."

"मग आणा की त्यातला एक! आमचा उंबरा कशाला झिजवतोस?"

आतून नवऱ्याचा आवाज आला. "त्याच्यावर कशाला डाफरतेस? त्यानं काय केलंय?" मग बाहेर येऊन हिरोला म्हणाला, "गुडघा कसा आहे रे? फार उड्या मारू नकोस."

हिरो मान खाली घालून गेला.

आता नवरा उंबऱ्यावर बसलाय. बूट चढवलेत, नाड्या तशाच लोंबतायत. माझ्याकडे बघत नाही.

साहेबांनो, जे काम तुम्हाला चाचणीत दिसलंच नाही, ते दुसऱ्याला शिकवायला याला कोणत्या तोंडानं बोलावता? सराव सुरू व्हायच्या आत उत्तर हवंय. त्याला नाड्या बांधायला सांगू, की बूट काढायला?